रामटेके विचारतात, "काल किती?"

रामटेके कुणाला "कसे आहात" असं विचारत नाहीत. जिन्यात, दुधाच्या दुकानात, मयताला जमलेल्या घोळक्यात, कुठंही माणूस भेटला की ते विचारतात, "काल किती?"

आमच्या सोसायटीत नव्यानं राहायला आलेल्या माणसाचा यावर हमखास गोंधळ होतो. पहिल्या मजल्यावरच्या एका तरुण भाडेकरूनं मान खाली घालून कबूल केलं होतं, "दोनच पेग, अंकल. मित्राचा बर्थडे होता." चौथ्या मजल्यावरच्या एका बाईंनी आपली रक्तातली साखर सांगितली. रामटेक्यांनी दोन्ही उत्तरं गंभीरपणे ऐकून घेतली. मग भाडेकरूला म्हणाले, "तुमचे काल अकरा युनिट झाले. गिझर सुरू ठेवून झोपलात जी तुम्ही."

यशवंत रामटेके म्हणजे निवृत्त मीटर रीडर. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतच्या चाळी, बंगले, दुकानं आणि गाळे त्यांनी तेहतीस वर्षं पायी पालथे घातले. निवृत्तीच्या दिवशी कंपनीनं त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते विजेवर चालणारं होतं, म्हणून त्यांनी परत केलं. नोकरी संपली, पण सवय संपली नाही. कांजूरमार्गच्या आमच्या चार मजली इमारतीत सोळा घरं आहेत आणि सोळा मीटर. रोज सकाळी साडेसहाला रामटेके टॉर्चचा झोत टाकून सगळे सोळा वाचत. लिहून ठेवत नसत. आदल्या दिवशीचे आकडे त्यांच्या डोक्यात असत, नवे पाहिले की वजाबाकी आपोआप होई.

त्यामुळे इमारतीत कुणाचं काही लपून राहत नसे. सोसायटीचे चेअरमन गावकर यांनी दुसरा एसी घेतला हे त्यांच्या सख्ख्या भावाआधी रामटेक्यांना कळलं. तिसऱ्या मजल्यावरची मुलगी परीक्षेचा अभ्यास करते आहे की मोबाइल पाहते आहे, हे ते तिच्या आईला छातीठोक सांगत. एकदा त्यांनी मला जिन्यात थांबवलं आणि आवाज खाली आणून एका जोडप्याविषयी म्हणाले, "भांडण झालंय, सर. चार दिवसांपासून दोन खोल्यांत दोन पंखे." पुढच्या आठवड्यात स्वतःहून कळवलं, "एक पंखा बंद झाला. चांगलं झालं. वीजही वाचली."

दुसऱ्याचा दिवा विझवणं हा तर ते आपला हक्क समजत. जिन्यातला दिवा, पंपाच्या खोलीतला दिवा, गणपतीच्या मंडपातली माळ. कुणाच्या घरी बसायला गेले तर उठून रिकाम्या खोलीतला पंखा बंद करून येत आणि मग चहा घेत. कुणी चिडलं की त्यांचा ठरलेला प्रश्न येई, "ही वीज कुठून आली, माहीत आहे का तुम्हाला?"

लोक म्हणत, "बटणातून."

ती कुठून येते हे रामटेक्यांना माहीत होतं. ते चंद्रपूरकडचे. वडील औष्णिक वीज केंद्रात कोळसा उतरवायच्या कामावर होते. "माझ्या बापाची थुंकी काळी होती," एवढं एकच वाक्य ते वडिलांविषयी बोलत, आणि तेही युनिट सांगावेत त्या आवाजात. ज्या गावाच्या उशाशी वीज तयार होई त्या गावात संध्याकाळी अंधार असे, कारण भारनियमन. मग विशीत ते मुंबईत आले, मीटर वाचायला लागले, आणि भर दुपारी दुकानांच्या पाट्यांवर लागलेले दिवे त्यांनी पाहिले. "तवापासून माझं डोकं फिरलं आहे," ते सांगत. लोकांना हे आधीच मान्य होतं.

त्यांच्या स्वतःच्या घरी, तीनशे एकमध्ये, कंपनीची वीज जवळपास वापरली जात नसे. आधी त्यांनी गच्चीवर दोन सौर पॅनेल लावले होते. गच्ची सर्वांची, या कारणास्तव सोसायटीनं त्यांना नोटीस दिली. नोटिशीचा मसुदा माझा होता. सेक्रेटरी मी होतो. मी ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालो, अक्षर बरं आहे, आणि कुणाशी भांडत नाही, एवढ्या तीन गुणांवर सोसायटीनं मला सलग सहा वर्षं सेक्रेटरी ठेवलं. रामटेक्यांनी नोटीस वाचली, त्यातल्या एका चुकलेल्या अनुस्वारावर बोट ठेवलं, आणि पॅनेल खाली आणून आपल्या दक्षिणेकडच्या खिडकीच्या ग्रिलला बांधले. जिथं इतर लोक चादरी वाळत घालतात तिथं त्यांचे पॅनेल उन्हात पसरलेले असत. ते रोज सकाळी जुन्या बनियननं त्यांची तोंडं पुसत. वरच्या मजल्यावरच्या बाई कुंड्यांना पाणी घालत, ते बरोबर पॅनेलवर पडे. त्यावरून दोघांचं आठवड्यातून दोनदा वाजत असे.

त्या उन्हावर घरातली मोठी इन्व्हर्टरची बॅटरी भरे, तिच्यावर त्यांचा पंखा चाले, दोन दिवे लागत, रेडिओ वाजे. फ्रीज नव्हता. स्वयंपाकाला सौरचूल होती, म्हणजे आतून काळी रंगवलेली पेटी आणि वर काच. त्यात डाळ अकरा वाजता ठेवली की दोनपर्यंत शिजे. ढग आले की ते म्हणत, "आज डाळ विचार करते आहे."

माझ्या बायकोची आणि त्यांची चांगली गट्टी होती. शैला मालवणची. तिला फुप्फुसाचा जुना विकार होता. वारा फिरला आणि जवळच्या डंपिंगवरच्या कचऱ्याचा वास घरात शिरला की तिचा दम आणखी चढे. शेवटची दोन वर्षं ती घरातच, ऑक्सिजनच्या यंत्राला जोडलेली असे. विजेवर चालणारं यंत्र, फ्रीजच्या निम्म्या आकाराचं, दिवसभर घरघरणारं. त्यामुळे आमचा मीटर इमारतीत सगळ्यांत जास्त पळे. आम्ही दोन म्हातारी माणसं, आणि गावकरांच्या दोन एसींना मागे टाकत होतो. रामटेके सगळ्यांना वाढलेल्या युनिटांबद्दल बोलत. आम्हाला कधी बोलले नाहीत. उलट शैलाच त्यांना छेडायची.

"काय हो रामटेके, आज आमचो मीटर काय म्हणता?"

"झकास पळतोय, वहिनी. पळू द्या त्याला."

"म्हंजे मी जिती आसंय."

"एकदम कडक."

"मग बसा. चाय घेतल्याबिगर जाव नकात. आनि आतल्या खोलीतलो पंखो बंद करू नकात, थंय माझी फणसपोळी सुकता हा."

ते उठता उठता परत बसत. सगळ्या इमारतीत त्यांनी मुकाट्यानं मानलेला हा एकच हुकूम.

आता सभेविषयी लिहायला हवं. ते टाळावं असं वाटतं, पण मग या व्यक्तिचित्राला अर्थ उरत नाही.

आमची वार्षिक सर्वसाधारण सभा पार्किंगच्या जागेत भरते. ठरल्या वेळी कुणी येत नाही. मग गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब होते, आणि अर्ध्या तासानं त्याच जागी त्याच खुर्च्यांवर पुन्हा सुरू होते, तेव्हा गणसंख्येची गरज नसते. या मधल्या अर्ध्या तासात लोक समोसे खायला येतात आणि खाऊन झाल्यावर बसून राहतात. आमची लोकशाही समोशांवर चालते, असं रामटेके म्हणत.

दरवर्षी शेवटचा विषय त्यांचा असे. विषय क्रमांक सात. एकच अर्ज, दोन मागण्या. पहिली, गच्चीवर सोसायटीचे सौर पॅनेल बसवावेत. दुसरी, जिन्याखालच्या खोलीतले सगळे मीटर पहिल्या मजल्यावर हलवावेत, कारण ती खोली रस्त्यापेक्षा दोन पायऱ्या खाली आहे आणि पावसात तिथं पाणी शिरणार.

ते तयारी करून येत. एका वर्षी त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर महाराष्ट्राचा नकाशा काढून आणला होता. विदर्भात काळे ठिपके, कोकणाच्या कडेनं निळी रेघ, मराठवाडा सगळा पिवळा. गावकरांच्या खुर्चीच्या पाठीला त्यांनी तो टाचला, म्हणजे गावकर सोडून सगळ्यांना दिसला.

"ही चूल," काळ्या ठिपक्यांवर बोट ठेवून ते म्हणाले, "आणि ही मुंबई, हे तोंड. चूल एकीकडे, जेवण एकीकडे. धूर कोणाच्या डोळ्यांत गेला ते जेवणाऱ्याला दिसत नाही. बरं, तो कोळसाही पुरत नाही, मग बोटीतून बाहेरून आणायचा. म्हणजे राज्याचा पैसा समुद्रातून जातो आणि त्याच समुद्राचं पाणी घरात येतं. ऊन कुठल्या खाणीतून काढावं लागत नाही जी. पॅनेलची फ्रेम साकीनाक्याच्या गाळ्यात बनते, आयटीआय झालेलं पोरगं बसवतं, धुवायला एक माणूस लागतो. हे सगळं काम इथंच राहतं. विदर्भात ऊन आहे, साताऱ्याकडे वारा आहे."

"आणि आपल्याकडे काय आहे?" कुणीतरी मागून विचारलं.

"आपल्याकडे मीटिंग आहे."

लोक हसले. रामटेके हसले नाहीत. त्यांनी निळ्या रेघेवर बोट ठेवलं. "सरकारचं काय, ते दोन कामं मन लावून करतं. आधी धूर, नंतर पंचनामा. धुरानं हवा तापली, कापूस वाळला, पंचनामा. गारा पडल्या, पंचनामा. कोकणात घरांवरचे पत्रे उडाले, पंचनामा. धूर कमी करा म्हटलं की पैसे नाहीत. पंचनाम्याला दरवर्षी आहेत. आणि आपली सोसायटी म्हणजे लहानसं सरकारच आहे."

"अरे रामटेके, यार," गावकर म्हणाले, "समोसे थंड होतायत. बिल्डर येतोय ना? बिल्डिंगच पाडायची आहे, तर तू वर पॅनेल काय लावतोस आणि मीटर काय हलवतोस? नवीन टॉवरमध्ये सगळं असेल. लिफ्ट, जिम, तुझं ते सोलर पण."

"कधी येतोय बिल्डर?"

"येतोय."

"सहा वर्षं येतोय तो. समुद्राचं बरं आहे, त्याच्या भरतीचं निदान वेळापत्रक असतं. आणि समुद्र मीटिंगला येत नाही, गावकर. थेट घरी येतो."

पुनर्विकास हा आमच्याकडचा खरा धर्म आहे. तो होणार आहे, म्हणून गळका पाइप बदलायचा नाही. तो होणार आहे, म्हणून जिन्याला रंग द्यायचा नाही. उद्या मोठं घर मिळणार या भरवशावर आमची आख्खी इमारत आज पोपडे धरून उभी आहे. विषय क्रमांक सात दोन वर्षं याच कारणानं तहकूब झाला होता. तिसऱ्या वर्षी मात्र रामटेक्यांनी घरोघर जाऊन माणसं वळवली होती.

सभेला निघताना शैला म्हणाली होती, "यंदा हात वर करा हां. तो मेलो खरा बोलता."

त्या दिवशी अकरा घरं हजर होती. एका घराचं एक मत. रामटेक्यांच्या बाजूनं पाच हात वर झाले, विरोधात पाच. माझा राहिला होता. मी वहीत लिहीत होतो. गावकरांनी माझ्याकडे पाहिलं. रामटेक्यांनीही पाहिलं, पण लगेच नजर काढून घेतली. माणूस अडचणीत आला की ते असंच करतात. गावकर हळूच म्हणाले, "सर, तुम्ही तरी समजूतदार आहात." मला वाद नको होता. अर्धी सोसायटी अबोला धरेल, पत्रं येतील, उपनिबंधकांकडे तक्रारी जातील, आणि त्या सगळ्याला सुवाच्य उत्तरं मला लिहावी लागतील, असं काहीसं मनात आलं. मी म्हणालो, "मतं समान दिसतायत. पुढच्या सभेत घेऊ."

आणि माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं, 'पुनर्विकासाचा विचार चालू असल्याने विषय तहकूब करण्यात आला.'

लोक याला माझं सौजन्य म्हणतात.

घरी आल्यावर शैलानं विचारलं, "केलात हात वर?"

"विषय तहकूब झाला."

ती नळी सारखी करत माझ्याकडे बघत राहिली. "झालो? की तुम्ही केलात?"

मी पंखा वाढवायला उठलो.

पुढच्याच जुलैत एका सकाळी भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले. नऊ वाजता गल्लीत पाणी होतं. दहाला जिन्याखालच्या खोलीत मांडीएवढं पाणी चढलं आणि मीटर बुडाले. करंट पाण्यात उतरू नये म्हणून कंपनीनं सगळ्या इमारतीचा पुरवठा तोडला. शैलाच्या यंत्राची घरघर थांबली. दोन वर्षं त्या आवाजानं मला वाचताना त्रास दिला होता. तो थांबल्यावर घर इतकं शांत झालं की खाली गल्लीतलं पाणी ऐकू आलं.

आमच्याकडे अडीअडचणीसाठी एक छोटा सिलिंडर होता, तीन-चार तासांचा. तो सुरू केला. भरलेला सिलिंडर देणाऱ्याला फोन लावला, तर तो म्हणाला, "काका, माझं दुकानच पाण्यात आहे." इस्पितळाची गाडी मुख्य रस्त्यापर्यंत येणार होती, पण तिथवर शैलाला कमरेएवढ्या पाण्यातून नेणार कसं?

तेवढ्यात जिन्यात काहीतरी फरफटत येत असल्याचा आवाज आला. दार उघडलं. रामटेके आपली सौर पॅनेलची बॅटरी खाली आणत होते. पन्नास-पंचावन्न किलोंचं ते धूड त्यांनी गोधडीवर ठेवलं होतं आणि गोधडीचं टोक धरून, उलटे चालत, एकेक पायरी उतरवत होते. वय सदुसष्ट. वरून दुसऱ्या फेरीत इन्व्हर्टर आणला. बनियन घामानं चिकटलेलं, गुडघा सोललेला.

"चार तास चालेल, सर," ते म्हणाले. "ढग आहेत, परत भरणार नाही. आधी सिलिंडर संपू द्या, मग ही लावू. काटकसरीनं."

त्यांनी तारा जोडल्या आणि शैलाच्या खाटेजवळ जमिनीवर मांडी घालून बसले. ती बोलण्याच्या स्थितीत नव्हती. तरी दुपारी यंत्र बॅटरीवर लागल्यावर मधेच तोंडावरचा मास्क जरा बाजूला करून तिनं विचारलं, "काल किती?"

"आज विचारा, वहिनी," रामटेके म्हणाले. "आज तुम्ही उन्हावर आहात. मीटर शून्य."

ती हसली. ते हसणं आणि बॅटरीवर चालणारी यंत्राची घरघर, दोन्ही मला अजून ऐकू येतात.

पाच वाजता पाणी उतरलं. गावकरांनी, हे लिहिलंच पाहिजे, कुठून तरी टेम्पो आणला आणि शैलाला खुर्चीत बसवून स्वतः जिन्यानं खाली उतरवलं. बॅटरीत तेव्हा पाऊण तास शिल्लक होता. शैला आठ दिवसांनी इस्पितळातून परत आली, पण निम्मीच परत आली. दिवाळीच्या आधी गेली. डॉक्टर म्हणाले, त्या दिवसाचा याच्याशी संबंध लावू नका, आजार जुना होता. मी लावतो.

पुरानंतर पंधरा दिवसांच्या आत सगळे मीटर पहिल्या मजल्यावर हलले. चर्चा झाली नाही, मतदान झालं नाही, समोसे आले नाहीत. कंपनीनं सांगितलं, त्याशिवाय पुरवठा जोडणार नाही. तीन वर्षांचा विषय एका दुपारी संपला. त्याआधी सरकारी माणूस येऊन पंचनामा करून गेला होता. रामटेके त्याच्या शेजारी उभे राहिले आणि पाण्याची रेघ कुठवर होती ते भिंतीवर बोटानं दाखवलं. मी जिन्यात उभा राहून वाट पाहत होतो, की आता ते माझ्याकडे वळून काहीतरी बोलतील.

शैलाचं तेरावं झालं, मुलगा बंगळुरूला परतला, आणि मी घरात बसून राहिलो. ऑक्सिजनचं यंत्र भाड्याचं होतं, ते माणूस घेऊन गेला. फ्रीजमध्ये ठेवायला काही नव्हतं, म्हणून तो बंद केला. संध्याकाळी दिवा लावावा असं वाटत नसे. जेवायचं काय, हा प्रश्न मी बिस्किटांवर मिटवला होता.

चौथ्या दिवशी संध्याकाळी सहाला बेल वाजली. दारात रामटेके.

"तुमचा फ्यूज उडालाय का जी?"

"नाही."

"बघतो." ते आत आले, बोर्डाकडे उगाच पाहिलं, आणि त्यांनी माझ्या हॉलमधला दिवा लावला. मग स्वयंपाकघरातला. सगळ्या इमारतीचे दिवे विझवत फिरणारा माणूस माझ्या घरात एकेक बटण दाबत होता. "वाचायला उजेड लागतो," जाताना ते म्हणाले. मी काही वाचत नव्हतो.

दुसऱ्या दिवसापासून डाळ यायला लागली. ऊन असेल तर शिजलेली, ढग असतील तर विचार करणारी. ते समोर बसत आणि मी जेवेपर्यंत उठत नसत. शैलाचं नाव दोघांपैकी कुणी घेत नसे. एकदा घास हातात धरून मी म्हणालो, "रामटेके, त्या सभेत तहकूब मी केलं होतं."

"वाचलंय मी," ते म्हणाले. "अक्षर फार सुंदर आहे तुमचं."

मग माझ्या ताटाकडे बघत म्हणाले, "मीठ कमी आहे का?"

त्यानंतर महिन्याभरानं एका सकाळी दूध आणायला लवकर उतरलो. पहिल्या मजल्यावर, नव्या पेट्यांसमोर रामटेके उभे होते. आजकालच्या मीटरला चाक नसतं. एक लाल टिकली असते, वीज खर्च होईल तशी लुकलुकते. रामटेके सोळा मीटर वाचत नव्हते. ते एकाच मीटरसमोर उभे होते. दोनशे तीन. माझा.

"काय बघताय?"

ते चपापले. आयुष्यात पहिल्यांदा मीटर वाचताना पकडले गेल्यासारखे. "काही नाही. टिकली बघत होतो. सकाळी दिवा लावलात, चहाचं ते इलेक्ट्रिकचं भांडं लावलं, की पळते. पळली की समजायचं, सर उठले." मग टॉर्च खिशात घालत म्हणाले, "त्या चार दिवसांत हलत नव्हती जी. मीटर वाचता वाचता आयुष्य गेलं. घरात माणूस असताना थांबलेला मीटर मी पाहिला नव्हता."

मी तीनशे एकच्या मीटरकडे पाहिलं. त्याची टिकली विझलेलीच होती.

"आणि तुमची?"

"माझी कशी लागणार? मी उन्हावर."

"मग तुम्हाला काही झालं तर कळणार कसं?" त्यांची बायको बारा वर्षांपूर्वी गेली. मुलगी नागपूरला शिक्षिका आहे, तिचा फोन रविवारी येतो.

"वास येईल," ते म्हणाले. "पण इथं लोक म्हणतील, डंपिंगचा आहे."

त्यांनी हे विनोद म्हणून सांगितलं. मी दूध न घेताच वर आलो.

दोन दिवसांनी संध्याकाळी सातला बाहेरून येत होतो. सहज पेट्यांकडे लक्ष गेलं आणि तीनशे एकची टिकली लुकलुकलेली दिसली. वाटलं भास झाला. थांबलो. मिनिटभरानं पुन्हा. वर गेलो. त्यांच्या स्वयंपाकघरात छताला एक जुना पिवळा बल्ब लावला होता, तारेचा, चाळीसचा. असले बल्ब लोकांच्या घरातून काढायला लावण्यात या माणसानं दहा वर्षं घालवली होती. खाली कुणी बसलेलं नव्हतं. बल्ब रिकाम्या ओट्यावर जळत होता.

"कंपनीच्या लायनीवर आहे," त्यांनी माझ्याकडे न पाहता सांगितलं. "रोज सात ते सव्वासात. चाळीसचाच आहे, मिनिटाला एकदाच येईल. तुम्हाला थांबावं लागेल."

"पण कोळसा?"

ते पॅनेल पुसायचं बनियन घडी घालत राहिले. "तेवढा जळू द्या," म्हणाले.

यंदाच्या सभेला मी सेक्रेटरी नव्हतो, मागच्याच महिन्यात राजीनामा दिला होता. विषय क्रमांक सातमध्ये आता एकच मागणी उरली होती, गच्चीवरच्या पॅनेलांची. मी हात वर केला. तीनच हात वर होते. बिल्डर येतो आहे. नव्या सेक्रेटरीनं मोबाइलवर 'तहकूब' टाइप केलं.

रोज सातला मी पहिल्या मजल्यावर जाऊन उभा राहतो. गावकर जाता-येता विचारतात, "काय सर, तुम्हाला पण मीटरचं वेड लागलं काय?" मी हो म्हणतो. कधी कधी टिकली यायला वेळ लागतो. मिनिट होतं, त्यावर आणखी काही क्षण जातात. त्या वेळात मी जिन्याकडे पाहत नाही, पेटीकडेच पाहत राहतो. मग ती लुकलुकते, आणि मी घरी जाऊन माझा दिवा लावतो.